काम कोणी केलं?

जुलैचा दुसरा आठवडा. पुण्यात पाऊस नुसता लागून राहिलेला. माझी विद्यार्थिनी टीएलसीची प्लेट, म्हणजे रिॲक्शन झाली की नाही ते ठिपक्यांवरून दाखवणारी पट्टी, चिमट्यात धरून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आज पण नाही झाली."

प्लेट खिडकीपाशी नेऊन पाहिली. यूव्ही दिव्याखाली दिसलेल्या ठिपक्याभोवती तिने पेन्सिलीने नीट गोल काढला होता. एकच गोल. म्हणजे काल संध्याकाळी फ्लास्कमध्ये जे घातलं, तेच आज सकाळी जसंच्या तसं बाहेर आलं. ही अकरावी वेळ होती.

रिॲक्शन नवी असती तर मला काही वाटलं नसतं. न होणाऱ्या रिॲक्शन हा आमचा रोजचा वरणभात. पण ही झालेली रिॲक्शन होती. हिच्या आधीच्या मुलाने ती तीन वर्षं चालवली, तीसेक वेगवेगळ्या रेणूंवर करून दाखवली. पेपर छापून आला होता. त्याच्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण तिच्यावर उभं होतं. मी स्वतः दोन परिषदांमध्ये तिच्याविषयी बोलले होते. बेंझीनची दोन वलयं एकमेकांना जोडायची, तीही पॅलॅडियम या धातूशिवाय, साध्या लोखंडाच्या क्लोराइडने, असा आमचा दावा होता.

पॅलॅडियम मुख्यतः रशिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून येतं आणि काही वर्षं तर ते सोन्याहून महाग होतं. लोखंड कुठेही मिळतं. म्हणून जगभर कितीतरी जण पॅलॅडियमचं काम लोखंडाकडून करून घ्यायच्या मागे आहेत. आम्हाला ते जमलं आहे, असं आम्हाला वाटत होतं.

मी या विषयात कशी आले, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही.

मिरजेच्या आमच्या घरी अंगणात तुळस होती ती डालड्याच्या डब्यात. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. तुळस वाळली की आई नवी लावायची, पण डबा तोच, कडा गंजून लाल झालेला. त्या डब्यातलं वनस्पती तूप म्हणजे द्रव तेलात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं तेल, आणि ते काम निकेलच्या बारीक भुकटीने केलेलं असतं, हे मला बीएस्सीला कळलं. निकेल काम करतं आणि गाळून काढलं जातं. तुपात ते दिसत नाही. त्या वयात मला या गोष्टीचं एवढं नवल वाटलं की मी आईला दोनदा समजावून सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे विरजणासारखं."

विरजणाचं हे उदाहरण आपल्याकडे सगळे शिक्षक देतात. मला ते कधीच पटलं नाही. विरजण वाढतं. दह्यात विरजण होतं त्याहून कितीतरी जास्त होऊन बसतं. उत्प्रेरक वाढत नाही. तो जेवढा घातला तेवढाच राहतो, आणि चांगला असेल तर लाख रेणू घडवून पुन्हा रिकाम्या हाताने उभा राहतो. दुसरं उदाहरण लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचं. तेही अपुरं. मध्यस्थ बाहेरूनच बोलतो, नात्यात शिरत नाही. धातू शिरतो. पॅलॅडियमचा अणू कार्बन आणि ब्रोमिनच्या मधला बंध फोडून स्वतः तिथे जाऊन बसतो. मग दुसऱ्या रेणूतला बोरॉन आपल्याजवळचा कार्बन त्याच्या दुसऱ्या हाती देतो. आता एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा. शेवटी तो दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो आणि आपले काढून घेतो. अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी जपानमध्ये होक्काइडो विद्यापीठात १९७९ साली प्रसिद्ध केलेली जोडणी ती हीच. तिच्यासाठी सुझुकींना २०१० साली हेक आणि नेगिशी यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

धातू आणि कार्बन यांच्यातल्या थेट बंधाचं हे शास्त्र म्हणजे ऑर्गॅनोमेटॅलिक रसायन. धातू म्हटलं की डोळ्यांपुढे भांडं, तार, पूल येतात. कार्बनचं म्हटलं की साखर, तेल, कापूर. ही दोन कुळं एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी राहत नसतील असं वाटतं. मला ती एकत्र भेटली एमएस्सीच्या प्रयोगशाळेत, फेरोसीनच्या रूपाने. सायक्लोपेंटाडाइनचा डोकं उठवणारा दर्प, पोटॅश, लोखंडाचं क्लोराइड, आणि शेवटी एक मळका पिवळा चिखल. सरांनी तो वाळवून काचेच्या भांड्यात घालायला लावला, वर थंड पाण्याची नळी, खाली मंद आच. दहा मिनिटांत नळीवर नारिंगी सुया उगवायला लागल्या. जवळ गेलं तर कापरासारखा वास. लोखंड, आणि ते कापरासारखं उडून जाऊन पुन्हा स्फटिक होऊन बसलेलं! त्या दिवशी मी मेसचं जेवण चुकवलं.

फेरोसीन कोणी मुद्दाम शोधलेलं नाही. १९५१ साली अमेरिकेत कीली आणि पॉसन वेगळाच रेणू करायला निघाले होते, हाती हे नारिंगी स्फटिक आले. त्याचा आकार कळायला पुढचं वर्ष उजाडलं. दोन पंचकोनी वलयं, मध्ये लोखंडाचा अणू, दोन भाकऱ्यांमध्ये ठेचा ठेवावा तसा. ते उलगडणाऱ्यांपैकी विल्किन्सन आणि फिशर यांना १९७३ साली नोबेल मिळालं. मला मात्र सगळ्यात जास्त आवडते ती निकेलची गोष्ट. लुडविग माँड या उद्योजकाच्या कारखान्यात निकेलच्या झडपा खराब व्हायला लागल्या. कारण शोधताना १८९० साली त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना कळलं की कार्बन मोनॉक्साइड निकेलला अक्षरशः उचलून नेतो. या दोघांचा होणारा निकेल कार्बोनिल ४३ अंशांना उकळतो. अतिशय विषारी, पण चक्क द्रव निकेल. माँडने धातूला पंख दिले, असं लॉर्ड केल्विन म्हणाले होते, असं सांगतात. त्याच वाटेने पॉल साबातिए फ्रान्समध्ये इथिलीन निकेलला चिकटतं का पाहायला गेला आणि त्याला हायड्रोजन जोडणारं निकेल सापडलं. १९१२चं नोबेल त्याला ग्रिन्यारबरोबर विभागून मिळालं. आमच्या तुळशीच्या डब्याचं मूळ हे असं तिथे आहे.

पीएचडीची वर्षं श्लेंक लाइनवर गेली. काचेच्या दोन समांतर नळ्या, एकीत निर्वात, दुसरीत आर्गॉन, मध्ये तोट्या. हवेतला ऑक्सिजन आणि बाष्प यांचा एक श्वाससुद्धा आमच्या पदार्थांना चालत नाही. म्हणून फ्लास्क तीनदा ओढायचा, तीनदा भरायचा, आचमनासारखं. सकाळी लॅबमध्ये शिरताना पहिला प्रश्न असायचा, "निळा झाला का?" टीएचएफ हा द्रावक सोडियम आणि बेंझोफिनोनवर उकळत ठेवलेला असायचा. पाण्याचा आणि ऑक्सिजनचा शेवटचा अंश संपला की तो गडद निळा होतो, दौतीतल्या शाईसारखा. निळा झाला नाही तर दिवस वाया. पावसाळ्यात दुपारपर्यंत वाट पाहायची.

ओढणी दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायची, सुती कोटाशिवाय, हवेत पेट घेणाऱ्या ब्युटिललिथियमला हात लावायचा नाही, हे नियमही तेव्हापासूनचे. २००८च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिरिंजमधून उडालेल्या टर्शरी ब्युटिललिथियमने एका तेवीस वर्षांच्या मुलीचा स्वेटर पेटला आणि ती अठरा दिवसांनी गेली. त्यानंतर मी माझ्या लॅबमध्ये या बाबतीत कोणाचंही काहीही ऐकून घेतलं नाही.

मग दोन वर्षं जर्मनीत. एका रविवारी मी ट्राममध्ये बसून मुल्हाइमला गेले, फक्त ती इमारत बाहेरून पाहायला. ऱ्हूर नदीकाठचं हे गाव एके काळच्या कोळशाच्या पट्ट्यातलं, आणि कोळशावरच्या संशोधनासाठीच तिथे संस्था उभी राहिली. १९५३ साली तिथे कार्ल त्सिग्लर ॲल्युमिनियमच्या संयुगावर इथिलीनची साखळी वाढवत होते. होल्त्सकाम्प नावाच्या त्यांच्या विद्यार्थ्याच्या एका प्रयोगात साखळी वाढलीच नाही. दोन इथिलीन जोडली गेली आणि काम थांबलं. हाती नुसतं ब्युटीन. प्रयोग फसला असं म्हणून ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाब सोसणारं ते बंद भांडं, घासून पुन्हा लावणं सोपं होतं. त्यांनी तसं केलं नाही. ते मागे लागले, आणि कळलं की ऑटोक्लेव्हमध्ये निकेलचा लवलेश राहिला होता. सगळी करणी त्या लवलेशाची. मग प्रश्न उलटा केला: निकेल साखळी तोडतं, तर दुसरा कुठला धातू काय करेल? एकेक धातू घालून पाहता पाहता झिर्कोनियमने पॉलिथिलीन दिलं, आणि टायटॅनियमने तर साध्या हवेच्या दाबाला. त्याआधी त्यासाठी हजाराच्या वर वातावरणांचा दाब लागायचा. त्सिग्लर आता ते फळं टिकवायच्या काचेच्या बरणीत करून दाखवू शकत होते. पुढच्या वर्षी इटलीत नात्ता यांनी त्याच घराण्याच्या उत्प्रेरकाने पॉलिप्रॉपिलीन केलं. १९६३चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. आपल्या न्हाणीघरातली बादली त्या न घासलेल्या भांड्याची नात लागते.

ही गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलांना सांगते. सांगताना मला नेहमी वाटायचं की आपल्यालाही एकदा असा निकेलचा लवलेश भेटावा.

भेटला, पण वेगळ्या तऱ्हेने.

अकराव्या फसलेल्या रिॲक्शननंतर आम्ही दोघी बसलो आणि यादी केली. पहिला संशय लोखंडाच्या बाटलीवर. २००९ साली बुखवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी एकत्र पेपर लिहून दाखवलं होतं की लोखंडाच्या नावावर जमा झालेल्या काही जोडण्या प्रत्यक्षात त्या क्लोराइडमधल्या तांब्याच्या अंशाने होत होत्या. तो पेपर मी वाचला होता, वर्गात शिकवलाही होता. आम्ही तीन बाटल्या पाहिल्या, फरक नाही. दुसरा संशय सोडियम कार्बोनेटवर. लेडबीटर यांच्या गटाने आधी सुझुकीची जोडणी धातूशिवायच होते असं म्हटलं होतं, आणि २००५ साली स्वतःच पुन्हा तपासून सांगितलं की बाजारातल्या त्या सोड्यात पॅलॅडियम होतं, अब्जात ५० भाग. किलोभर सोड्यात ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाएवढं. तेवढं पुरलं होतं. आम्ही आमचा सोडा बदलला, द्रावक बदलला, आर्गॉनचा सिलिंडर बदलला, बाहेरच्या पावसालाही दोष देऊन झाला. काहीच हललं नाही.

सुटलं ते आमच्या मामांमुळे. मामा बावीस वर्षं आमची काचेची भांडी धुतात. कुठला फ्लास्क कोणाचा, कुठल्याला केसाएवढी चीर आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत. संध्याकाळी सिंकपाशी ते सहज म्हणाले, "मॅडम, दादांचा तो बार ताईंना दिलात का? दादांची रिॲक्शन त्या बारवरच चालायची की."

"कुठला बार, मामा?"

"तो काळपट. मी कितीदा घासला, ॲसिडात टाकला. डाग जात नाही. दादा म्हणायचे, राहू दे मामा, लकी आहे तो."

बार म्हणजे फ्लास्कमध्ये फिरत राहणारी चुंबकाची कांडी, वरून पांढऱ्या टेफ्लॉनचं वेष्टन. टेफ्लॉनला काही चिकटत नाही अशी आपली समजूत. काळेपणाचीही कोणी दखल घेत नाही, कारण सोडियमच्या संपर्कात आलं की टेफ्लॉन असंही काळं पडतं. मामांनी खणातून तो बार काढून दिला. बोटाच्या पेराएवढा, मधल्या कड्यावर राखाडी पट्टा. त्या मुलाच्याही आधी तो दुसऱ्या एका मुलीकडे होता, आणि तिचं सगळं काम पॅलॅडियमचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चार फ्लास्क लावले. नवा बार आणि लोखंड. नवा बार, लोखंड नाही. जुना बार आणि लोखंड. जुना बार, लोखंड नाही. रात्री नऊ वाजता प्लेट काढली. पहिल्या दोघांत काही नवं नाही. नंतरच्या दोन्हींत खाली-वर दोन ठिपके, सारखेच ठळक. लोखंड असो नसो, त्याला काही फरक पडत नव्हता. मुलगी काही बोलली नाही. तिने सगळे गोल पेन्सिलीने काढले, तारीख घातली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

मग बार अम्लराजात उकळला. ते द्रावण तपासायला पाठवलं. उत्तर पॅलॅडियम असंच आलं. उकळलेल्या बारवर रिॲक्शन जेमतेम दहा टक्के झाली. कधी ऐंशी टक्के, कधी पन्नास, असा जो चढउतार आम्ही पावसाच्या माथी मारत आलो होतो, त्याचाही उलगडा झाला. टेफ्लॉनवरच्या ओरखड्यांत बसलेला धातू कधी जास्त सुटायचा, कधी कमी.

लोखंडाशिवायची रिॲक्शन आम्ही आधी लावली नव्हती का? लावली होती. पण ती लावली होती नव्या बारने, कारण लकी बार तेव्हा दुसऱ्या फ्लास्कमध्ये फिरत होता. हे वहीत स्पष्ट लिहिलेलं सापडलं. मुलगा प्रामाणिक होता. तपासणं माझं काम होतं, आणि त्या पानावर माझी सही आहे.

त्याला फोन केला तेव्हा तो कॅनडात पोस्टडॉक करत होता, तिथे सकाळ होती. मी सगळं सांगितलं. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "मॅडम, माझ्या तीन वर्षांचं काय?" मी म्हणाले, चूक माझी आहे आणि संपादकांना जाणाऱ्या पत्रात तसंच लिहिलेलं असेल. तो म्हणाला, "तसं नाही मॅडम. मला वाटायचं मी काहीतरी शोधलंय." या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही.

पेपर मागे घेऊ नका, नुसती दुरुस्ती छापा, असं सांगणारी माणसं भेटली. आपली काळजी असलेलीच माणसं होती ती. रेणू खरे आहेत, यील्ड खरे आहेत, काम पॅलॅडियमने केलं काय आणि लोखंडाने केलं काय, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला मान्य होण्यासारखा नव्हता, आणि त्याचं कारण माझ्या आईच्या गोळ्यांच्या डब्यात होतं.

आई रोज सकाळी रक्तदाबाची लोसार्टनची गोळी घेते. लोसार्टनच्या रेणूच्या पोटात बेंझीनची दोन वलयं एका बंधाने जोडलेली आहेत. ती जोडायचा एक मार्ग म्हणजे सुझुकीची जोडणी. म्हणजे तिथे पॅलॅडियम येतं, आणि ते काढून टाकावं लागतं. तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलॅडियम शरीरात जाऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. कारखान्यातली माणसं त्यासाठी कोळशातून, गंधकयुक्त सिलिकातून द्रावण फिरवतात, पुन्हा पुन्हा मोजतात. मी पीएचडीनंतर दोन वर्षं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच केलं आहे. पांढऱ्याशुभ्र भुकटीत राखाडी झाक दिसली की आख्खी बॅच अडवायची. आता समजा, आमच्या पेपरवर विश्वास ठेवून कोणी ही रिॲक्शन उचलली असती. लोखंडाची म्हणून. मग पॅलॅडियम मोजायचं कोणाच्या मनात आलं असतं? एका कंपनीने माझ्याकडे चौकशी केलेली होती. त्यांना मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं.

पेपर मागे घेतला. मुलाने प्रबंधाला जोडपत्र लावलं. माझ्या विद्यार्थिनीचं वर्ष गेलं आणि तिला नवा विषय घ्यावा लागला. तिने निकेल मागून घेतलं. पुढच्या दोन वर्षांत मला अनुदान मिळालं नाही. या गोष्टीशी त्याचा संबंध होता की नाही, मी शोधायला गेले नाही.

२०१९ साली मॉस्कोतल्या अनानिकोव यांच्या गटाचा एक पेपर हाती आला. त्यांनी प्रयोगशाळांतले वापरलेले बार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले होते. टेफ्लॉनवर चरे, खड्डे, आणि त्यांत अडकून बसलेले धातूचे कण, पॅलॅडियम, सोनं, प्लॅटिनम. नेहमीच्या धुण्याने ते जात नाहीत. ती चित्रं पाहताना माझा हात थरथरत होता. मी पेपर कॅनडाला पाठवला. तासाभरात उत्तर आलं: "मॅडम, हा तर आपला बार." त्यानंतर आम्ही पुन्हा बोलायला लागलो. आता त्याचा स्वतःचा गट आहे आणि त्याच्या लॅबमध्ये प्रत्येक नव्या कामाला नवा बार मिळतो.

माझ्याकडेही तसंच आहे. मामांनी जुने बार प्लास्टिकच्या डब्यात भरून वर चिकटपट्टीवर लिहून ठेवलंय, "फक्त पाणी गरम करायला." तो एक बार मात्र माझ्या टेबलाच्या खणात आहे.

परवा एक नवी मुलगी आली आहे, लातूरची. निकेलवर काम करते. पहिली रिॲक्शन लावली तेव्हा शेजारी निकेलशिवायची दुसरीही लाव, तीच बाटली, तोच सोडा, दोन्हीकडे कोरा बार, एवढंच मी तिला सांगितलं होतं. आज सकाळी ती पळतच आली, हातात प्लेट. "मॅडम, निकेल नाही तिथे काहीच नाही झालं!"

मी प्लेट खिडकीपाशी नेली. पेन्सिलीचा एकच गोल. काल संध्याकाळी घातलं तेच, जसंच्या तसं.

"दुसरी प्लेट आण," मी म्हणाले.